‘ट्रेनिंग पूर्ण’वर सही करू का? नव्या ट्रक ड्रायव्हरला सविस्तर उत्तर

तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. घर गोव्यात सत्तरी तालुक्यात, आधी पिकअप चालवत होतास, मग हेवीचं लायसन्स काढून वेर्ण्यातल्या एका वाहतूक कंत्राटदाराकडे लागलास. लाइन बेळगाव-हुबळीची. तुला शिकवणारा जुना ड्रायव्हर, म्हणजे उस्ताद, शिव्या देतो आणि घाटात गाडी न्यूट्रल मारायला, म्हणजे गिअर काढून सोडायला सांगतो. ऑफिसातून ‘ट्रेनिंग पूर्ण’ असं छापलेला कागद सहीला आला आहे आणि पुढच्या आठवड्यापासून एकट्याने ट्रिप मारायची आहे. वर मोल्याच्या जंगलात गवा आडवा आला म्हणून तू कचकन ब्रेक दाबलास, तर सेफ्टीवाल्यांनी जीपीएसचा अलर्ट दाखवून पगारातून 500 रुपये कापायचं ठरवलं. उस्तादाचं ऐकू, सेफ्टीचं ऐकू की नोकरी सोडू, असं विचारतोस. तू माझ्या मुलाच्या वयाचा आहेस, म्हणून अरे-तुरेच करतो.

मी खाणीच्या टिपरवर गाडी शिकलो. खाणी बंद पडल्यावर लाइनवर गेलो, आणि आता नव्या पोरांना शिकवतो. सेफ्टीच्या बैठकांनाही बसावं लागतं, त्यामुळे उस्तादाच्या डोक्यात काय चाललेलं असतं आणि सेफ्टी ऑफिसरच्या डोक्यात काय, हे दोन्ही मला ठाऊक आहे.

तू चार तक्रारी मांडल्या आहेस, पण मला त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते. भरलेली गाडी घेऊन बेळगावच्या वाटेवरचा अनमोड घाट एकट्याने उतरण्याइतका तू तयार झाला आहेस का? आणि झाला नसशील तर ते कोणाला, कोणत्या शब्दांत सांगायचं? शिव्यांनी मन दुखतं, 500 रुपयांनी खिसा दुखतो. घाटातली चूक मात्र तुझ्यापुरती राहत नाही, समोरून येणाऱ्या कुणाच्याही अंगावर जाते. म्हणून आधी घाटाचं बोलू.

काही गोष्टी तू लिहिलेल्या नाहीत आणि माझं उत्तर त्यांवर अवलंबून आहे. गाडी दोन ॲक्सलची की तीन? उस्तादाला शिकवण्याचे वेगळे पैसे मिळतात, की तो आपल्या नेहमीच्या ट्रिपच्या भत्त्यावरच तुला बाजूला बसवून नेतो? सेफ्टी ऑफिसर कंत्राटदाराचा आहे, की ज्या कारखान्याचा माल तुम्ही नेता त्यांचा? मोठ्या कारखान्याचा सेफ्टी विभाग आणि दहा गाड्यांच्या मालकाने नेमलेला एक मुलगा यांत फार फरक असतो. पहिल्याला लेखी दिलेला कागद फायलीत जातो. दुसरा तो कागद थेट मालकाच्या टेबलावर नेऊन ठेवतो आणि संध्याकाळी तुला फोन येतो. कुठे काय करायचं ते त्या-त्या ठिकाणी सांगतोच.

आधी न्यूट्रलचं. हे अनेक जुने उस्ताद सांगतात आणि त्यांना ते मनापासून पटलेलं असतं. कारण साधं आहे: ॲव्हरेज चांगला आला तर डिझेलचे पैसे किंवा बक्षीस मिळतं, आणि उतारावर न्यूट्रल म्हणजे फुकटचं डिझेल, असं त्यांच्या हाताला वळण पडून गेलं आहे. पण आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनाचा हिशेब वेगळा आहे. गाडी गिअरमध्ये असताना तू ॲक्सिलरेटरवरून पाय काढलास की चाकंच इंजिनाला फिरवतात आणि इंजेक्टर डिझेल सोडायचं थांबवतो. न्यूट्रल मारलास की इंजिनाला आयडलिंगवर चालू राहायला स्वतःचं डिझेल लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये वाचत काहीच नाही, उलट थोडं जास्तच जळतं. उस्तादाला हे तोंडावर ऐकवायची गरज नाही. तुझ्या मनात मात्र शंका राहता कामा नये.

डिझेलपेक्षा मोठी गोष्ट ब्रेकची. तीन ॲक्सलची गाडी मालासकट 28.5 टनांपर्यंत भरते. एवढं वजन घाटाच्या माथ्यावरून पायथ्याला आणायचं म्हणजे ती सगळी शक्ती कुठेतरी जिरवावी लागते. गाडी गिअरमध्ये असेल तर मोठा वाटा इंजिन आणि एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनालाच गाडी रोखायला लावणारा) उचलतात. न्यूट्रलमध्ये सगळा भार चाकांच्या ब्रेकवर, म्हणजे ड्रम आणि त्याला घासणाऱ्या लायनिंगवर येतो. लायनिंग तापलं की त्याची पकड सुटते. पेडल आहे, मीटरवर हवा आहे, तू पूर्ण पाय देतो आहेस आणि गाडी मात्र थांबत नाही. त्यात न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलिंगवर असल्यामुळे कॉम्प्रेसर ब्रेक चालवणारी हवा हळू भरतो आणि घाबरून पेडल मारत राहणारा माणूस ती भराभर संपवतो. अशा वेळी गाडी पुन्हा गिअरमध्ये टाकू म्हटलं तर वेग वाढलेला असतो, गिअर पडत नाही. न्यूट्रलमधून परत यायची वाटच राहत नाही, म्हणून मी त्याच्या इतका विरोधात आहे.

मी पोरांना शिकवतो ते असं. अनमोडला उतार सुरू होण्याआधी गाडी बाजूला घ्यायची. हवेचा काटा पूर्ण वर आलाय का ते बघायचं, एक्झॉस्ट ब्रेक लावून आवाज ऐकायचा, टायरांभोवती एक फेरी मारायची, ताडपत्री आणि दोर बघायचे. मग जो गिअर त्याच चढाला लागला असता तो, आणि माल जड असेल तर त्याहून एक खालचा, वरच टाकून घ्यायचा. उताराच्या मध्यावर गिअर बदलायचा विचारही करायचा नाही, कारण एक गिअर चुकला की न मागता न्यूट्रल मिळतं. आरपीएम तांबड्या पट्ट्याकडे सरकू लागला की ब्रेक नीट दाबायचा, वेग चांगला दहाएक किलोमीटरने उतरवायचा आणि पाय पूर्ण काढायचा. पायाचं ओझं सतत पेडलवर ठेवून उतरायचं नाही, आणि टपटप मारतही बसायचं नाही. पहिल्याने लायनिंग जळतं, दुसऱ्याने हवा संपते. अरुंद वळणावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. हा नियमच आहे आणि शहाणपणाही, कारण चढावर थांबलेली भरली गाडी पुन्हा उचलणं सोपं नसतं.

खाली मोल्याला पोचल्यावर लगेच चहाला पळू नकोस. आधी खाली उतरून चाकांजवळ नाक ने. जळक्या लायनिंगचा वास एकाच चाकाला जास्त येत असेल तर त्या चाकाचा ब्रेक धरून बसलाय, गॅरेजला सांगायचं. सगळ्यांनाच वास येत असेल तर तू गिअर वरचा धरला होतास, पुढच्या वेळी एक खाली. आणि कुणी बादली घेऊन तापल्या ड्रमवर पाणी मारायला आला तर त्याला अडव. ड्रमला तडा जातो.

आता तुझ्या लाइनची एक गोम सांगतो, जी उस्ताद सांगत नाहीत आणि सेफ्टीच्या वर्गातही येत नाही. गोव्यातून बेळगावला जाताना आपण घाट चढतो आणि परतीला उतरतो. म्हणजे अवघड काम ट्रिपच्या शेवटी येतं. ड्रायव्हर दमलेला असतो, घराची ओढ लागलेली असते, परतीचा माल भाजी किंवा सिमेंट, आणि वेळ बहुधा पहाटेची. पावसाळ्यात वर धुकं. दिवसाला आठ तास आणि आठवड्याला 48 तास काम, पाच तासांनी निदान अर्धा तास विश्रांती, हे 1961 च्या मोटर वाहतूक कामगार कायद्यातच लिहिलेलं होतं. आपल्याकडे ते किती ठिकाणी पाळतात ते तू बघतोसच. म्हणून अर्धा तास झोपायचं असेल तर तो घाटाच्या वर काढ, खाली येऊन नव्हे.

याच गोमीतून दुसरी गोष्ट निघते. नवा मुलगा बरोबर असला की उस्ताद सपाटीला आणि चढाला त्याच्या हाती गाडी देतो आणि उतार आला की स्वतः बसतो. त्याचंही बरोबर असतं. गाडी त्याच्या नावावर आहे, माल त्याच्या जबाबदारीवर आहे, आणि त्याला लवकर घरी जायचं आहे. पण ट्रेनिंगच्या शीटवर ‘अनमोड मार्गे बेळगाव, इतक्या फेऱ्या’ असं लिहिलं जातं. वाचणाऱ्याला वाटतं, मुलगा घाटात तयार झाला. तू स्वतःला विचार: त्या फेऱ्यांत भरली गाडी तू स्वतः, माथ्यापासून पायथ्यापर्यंत, किती वेळा उतरवलीस? तुझ्या प्रश्नात चढाबद्दल दोन ओळी आहेत आणि उतराईबद्दल फक्त उस्ताद काय म्हणाला ते आहे. त्यावरून मला वाटतं, तू एकदाही पूर्ण उतरवलेली नाहीस. माझा अंदाज चुकीचा असेल तर मला आनंदच होईल.

अंदाज खरा असेल तर त्या कागदावर आहे तशी सही करू नकोस. हे मी ठामपणे सांगतो. त्या सहीचा अर्थ ‘मला हे सगळं शिकवलं आणि मला येतं’ असा होतो. उद्या काही झालं तर विमा कंपनी, पोलीस आणि कंत्राटदार तिघंही तोच कागद काढतील, आणि शिकवलं नव्हतं हे सिद्ध करायला तुझ्याकडे तुझ्या तोंडाशिवाय काही नसेल.

पण ‘सही करणार नाही’ म्हणून टेबलावर कागद ठेवून निघून येणं हाही उपाय नाही. मी अशा वेळी पोरांना मधली वाट सांगतो. कागदावर जे खरंच झालं आहे त्यापुढे सही कर. जे झालं नाही त्यापुढे स्वतःच्या हाताने लिही: ‘भरलेली गाडी घाट उतरणे, उस्तादासोबत, बाकी आहे.’ खाली तारीख घाल आणि मोबाइलवर फोटो काढून ठेव. ऑफिसातला क्लार्क कुरकुरेल, पण असं लिहिलेला कागद फाडायची हिंमत सहसा कुणी करत नाही. बरोबर एक मागणीही कर, म्हणजे ती तक्रार न वाटता कामाची गोष्ट वाटेल. ‘साहेब, मला या लाइनवर काम करायचं आहे. परतीला घाट मी उतरवतो, उस्ताद बाजूला बसतील, अशा दोन-तीन ट्रिपा द्या. तोवर फोंडा, कुंडई, मडगाव, वास्को असं लोकल काम द्या, मी एकट्याने करतो.’ जो कंत्राटदार मुळात बरा आहे तो याला नाही म्हणत नाही. त्याची गाडी नवी असेल तर तिची किंमत आणि हप्ता त्याला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

उस्तादाशी मात्र ऑफिसच्या आधी बोल. त्याला वगळून वर गेलास तर त्याचा अपमान होतो आणि पुढे तो काहीच शिकवत नाही. निघण्याच्या आधी, गाडी उभी असताना, शांतपणे म्हण, ‘उस्ताद, आज उतार मला द्या. गिअर तुम्ही सांगाल तो धरतो, पण न्यूट्रल मला जमत नाही, भीती वाटते.’ ‘तुमचं चूक आहे’ म्हणालास तर तो वाद घालेल. ‘मला भीती वाटते’ म्हणालास तर बहुतेक वेळा तो हसेल, दोन शब्द बोलेल आणि गिअरमध्ये उतरवू देईल.

शिव्यांबद्दल माझं मत तुला कदाचित आवडणार नाही. कुणालाही शिव्या देण्याचा हक्क नाही आणि मी शिकवताना देत नाही. पण ओरडणारा उस्ताद आणि धोकादायक उस्ताद हे वेगळे असतात. आरसा न बघता डावीकडे गाडी घेतलीस म्हणून जो ओरडतो, त्याच्याकडून शिकून घे. ट्रकच्या डाव्या पुढच्या कोपऱ्यात स्कूटर पूर्ण गायब होते, आणि आपल्या रस्त्यांवर स्कूटर नेमकी तिथूनच घुसते. तिस्क-फोंड्याच्या वाटेवर तू पाहिलं असशील. जो गोड बोलतो पण चालवताना फोनवर असतो, जेवणाबरोबर घोट घेतो, हवेचा बझर वाजत असताना ‘होतं तसं’ म्हणून गाडी काढतो, त्याच्याबरोबर बसू नकोस. आणि कुणीही अंगाला हात लावला तर तो शिकवण्याचा भाग नसतो. तिथे उस्ताद बदलून मागायचा, तोही लेखी.

उस्ताद इतका चिडचिड का करतो, याचं एक कारण लक्षात ठेव म्हणजे मनाला कमी लागेल. बऱ्याच ठिकाणी शिकवण्याचे त्याला वेगळे पैसे मिळत नाहीत. तू हळू चालवलीस की त्याची ट्रिप लांबते, भत्ता तोच राहतो आणि ॲव्हरेज पडतो. म्हणजे तुझ्या शिकण्याची किंमत तो स्वतःच्या खिशातून भरत असतो. हे बदलायला हवं. मी प्रत्येक बैठकीत सांगतो की शिकाऊ मुलगा बरोबर असलेल्या ट्रिपचा ॲव्हरेज धरू नका आणि उस्तादाला त्या दिवसाचा ठरावीक भत्ता द्या. जिथे हे झालं तिथे कॅबिनमधला आवाज आपोआप खाली आला.

आता सेफ्टीचं. तू त्यांना पोलीस समजतोस आणि तुझ्यावर बेतलं ते पाहता मला नवल वाटत नाही. जीपीएस एवढंच सांगतं की अमुक वेळी, अमुक ठिकाणी वेग एकदम उतरला. गवा होता की हातातला मोबाइल होता, ते त्याला कळत नाही. ते सांगायचं काम तुझं, आणि त्याच दिवशी. डॅशकॅम असेल तर त्याची चित्रफीत काही काळाने पुसून नवी चढते, म्हणून गाडी लावल्या लावल्या ‘या वेळेची क्लिप जपून ठेवा’ असा मेसेज टाकायचा. दोन आठवड्यांनी सांगितलेलं खरंसुद्धा सबबीसारखं वाटतं.

मेसेज कसा लिहायचा, तर असा: ‘अमुक तारीख, पहाटे 5.10, मोले चेकपोस्टच्या वर, गाडी भरलेली, वेग सुमारे 35. डाव्या बाजूने गवा रस्त्यावर आला. ब्रेक दाबला, गाडी आपल्या लेनमध्ये थांबली. मागे गाडी नव्हती. माल जागेवर आहे. त्या पट्ट्यात झाडी वाढल्यामुळे कड दिसत नाही.’ यात कुणावर आरोप नाही, रडगाणं नाही, आणि शेवटच्या वाक्यात सेफ्टीला करण्यासारखं काहीतरी आहे. थोडक्यात टळलेल्या अशा अपघातालाच ते निअर मिस म्हणतात. चांगला सेफ्टी ऑफिसर असे रिपोर्ट जास्त आले की खूश होतो, कारण त्यातून त्याला कुठे अपघात होऊ शकतो ते आधी कळतं. वाईट ऑफिसरला महिनाअखेरीस ‘शून्य घटना’ दाखवायच्या असतात, म्हणून तो दंड लावून तोंडं बंद करतो. मग पोरं काहीच कळवत नाहीत, आणि पहिली बातमी येते ती थेट अपघाताची. मला याचा राग येतो. गव्यासाठी ब्रेक दाबल्याबद्दल दंड बसला, तर पुढच्या वेळी पाय अर्धा क्षण उशिरा पडेल.

500 रुपयांबद्दल: वेतनाच्या कायद्यात दंडावर मर्यादा आहे. त्या महिन्याच्या पगाराच्या 3 टक्क्यांपेक्षा जास्त दंड करता येत नाही, आणि आधी कामगाराला बाजू मांडू द्यावी लागते. तुझा पगार मी विचारत नाही, हिशेब तू कर. पण भांडायला जाऊ नकोस. वरचा मेसेज पाठव आणि खाली एक ओळ घाल, ‘माझं म्हणणं ऐकून मगच कपातीबद्दल ठरवावं ही विनंती.’ सेफ्टी ऑफिसर कारखान्याचा असेल तर मेसेज त्याला आणि कंत्राटदाराला दोघांनाही. कंत्राटदाराचाच माणूस असेल तर आधी प्रत्यक्ष भेट, मग मेसेज. आधीच मेसेज गेला तर छोट्या ठिकाणी तो कुरापत वाटतो.

परतीच्या मालाबद्दल एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण घाटाशी तिचा थेट संबंध आहे. वजनकाट्याची पावती स्वतः बघितल्याशिवाय निघू नकोस. जास्त भरलेल्या गाडीला 20,000 रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000, आणि वजनाला गाडी थांबवायला नकार दिला तर 40,000. ड्रायव्हर मालक नसेल तर जादा माल मालकाच्या माहितीनेच भरला असं कोर्ट धरून चालू शकतं, अशी तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम 113 मध्ये आहे, म्हणजे ‘ड्रायव्हरने भरला’ म्हणून मालकाला सहज हात झटकता येत नाहीत. पण मला दंडापेक्षा ब्रेकची काळजी आहे. वर सांगितलेला गिअरचा सगळा हिशेब पासिंगच्या, म्हणजे गाडीला मंजूर असलेल्या, वजनाला धरून आहे. चार टन जास्त असतील तर तो हिशेब लागू राहत नाही.

नोकरी सोडायची का, यावर मी लांबून छातीठोक उत्तर देऊ शकत नाही. घरी किती माणसं तुझ्या पगारावर आहेत ते तुलाच माहीत. माझ्या मते आधी तो कागद ‘बाकी आहे’ असं लिहून दे आणि उतराईच्या ट्रिपा माग. कंत्राटदाराने त्या दिल्या, भले तोंड वाकडं करून दिल्या, तर थांब. या लाइनवर निदान एक पावसाळा काढलास तर पुढे कुठेही तुझ्या शब्दाला वजन राहील. ‘सही कर नाहीतर घरी बस’ असं उत्तर आलं तर घरी बस. वेर्णा, कुंडई, पिसुर्ले, तुये इथल्या वसाहतींत हेवी लायसन्सवाल्या मुलाला काम मिळायला फार दिवस लागत नाहीत. रसायनांच्या टँकरवर जायचं असेल तर धोकादायक मालाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन लायसन्सवर तशी नोंद करून घे. त्या कामात शिकवणं आणि कागदपत्रं दोन्ही जास्त काटेकोर असतात, पण लाइनवर थोडा अनुभव घेतल्यावरच तिकडे वळ.

पावसात अनमोडला रस्ता खचला किंवा दरड आली की अवजड गाड्यांना बंदी येते, आणि मग ऑफिसवाले ‘चोर्ल्याने जा’, म्हणजे चोर्ला घाटाने जा, म्हणतात. तिथेही अवजड गाड्या सोडत आहेत का, ते निघण्याआधी विचारून घे. चोर्ल्याची वळणं वेगळी आहेत. अनमोड जमला म्हणून चोर्ला आपोआप जमत नाही, तिथेही पहिली उतराई उस्तादाबरोबरच.

गाडीचं मॉडेल, किती गिअरचा बॉक्स आहे आणि एक्झॉस्ट ब्रेकचं बटण पायात आहे की स्टिअरिंगवर, एवढं कळव. मग अनमोडच्या कुठल्या टप्प्याला कुठला गिअर धरायचा ते मी तुला टप्प्याटप्प्याने लिहून देतो.